नमाजाच्या खोलीची भिंत

किसन उतेकरला गावाकडे कुणी विचारलं, की तू दुबईत काय करतोस, तर तो सांगायचा, "घर सांभाळतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, असेल कुठल्यातरी काचेच्या टॉवरचा वॉचमन. ती समजूत दूर करण्याच्या भानगडीत तो पडत नसे. खरं तर ती दुबईही नव्हती. अल ऐन शहराच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या नदीच्या काठावर मातीच्या विटांचं एक जुनं घर होतं, त्याला लागून खजुराची बाग होती, आणि हे सगळं किसनच्या जिवावर उभं होतं. पोलादपूर तालुक्यातल्या माणसाला दुबई म्हणजे सगळंच, त्यामुळे किसनने तो शब्द कधी दुरुस्त केला नाही.

नदी म्हणायची ती आपली सवय म्हणून. वर्षभर तिच्यात गोट्यांशिवाय काही नसायचं. डोंगरात पाऊस झाला की मात्र ती घटकाभरात उठायची आणि वाटेत येईल ते घेऊन जायची. इकडचे लोक तिला वादी म्हणतात. सावित्रीच्या काठी वाढलेल्या किसनला पहिल्या वर्षी ती नदी बघून हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने बागेचा बांध नेला, तेव्हापासून तो हसला नाही.

घराला दारातल्या झाडावरून बैत अल सिद्र म्हणत. सिद्र म्हणजे बोर. जाडजूड भिंती, वर खजुराच्या खोडांचं आणि झावळ्यांचं छप्पर, एका कोपऱ्यात टेहळणीचा बुरूज, आणि मागून खेळवलेला पाण्याचा पाट. सरकारी माणसं येऊन फोटो काढून गेली होती, फाटकावर घर ऐतिहासिक असल्याची पाटी लागली होती. पाटी लावणाऱ्यांचं काम तिथे संपलं. मातीच्या घराचं काम कधी संपत नाही. दर हिवाळ्यात कुठेतरी पोपडा सुटतो, कुठेतरी ओल धरते, आणि ते त्याच वर्षी लिंपलं नाही तर पुढच्या वर्षी भिंतच खाली येते.

किसन आला होता तो माळी म्हणून. त्याला आणणारा अन्वर परकार मूळचा दापोलीकडचा. अन्वर या अरब कुटुंबाच्या घरांचा, गाड्यांचा, नोकरमाणसांचा सुपरवायझर होता. अजमानला बिऱ्हाड, बायको शहनाझ तिथे शाळेत नोकरीला, आणि हा आठवडाभर मालकांच्या कामासाठी गाडी पळवत असायचा. माणूस तोंडाने फटकळ, पण किसनच्या आईच्या आजारपणात त्याला गावी जाता यावं म्हणून अन्वरनेच स्वतः एअरपोर्टवर नेऊन सोडलं होतं. परमुलखात आपल्या भाषेत रागावणारं कुणीतरी असणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. किसन त्याला अन्वरभाई म्हणायचा आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

मालकाला इकडे अरबाब म्हणतात. किसनचा अरबाब म्हणजे अबू हम्माद, हम्मादचा बाप. त्याचा जन्म याच घरात झालेला. किसन आला तेव्हा म्हातारा साठीच्या पुढे होता, पण चिखल तुडवायला स्वतः उतरायचा. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून तो मातीत पेंढा टाकायचा, पाणी सोडायचा, आणि किसनला हाताला धरून आत ओढायचा. "यल्ला किसन, नाच." मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने किसनला सगळं शिकवलं. माती किती दिवस भिजत ठेवायची, तिला आंबूस वास आल्याशिवाय हात का लावायचा नाही, भिंतीला आधी पाणी मारून मग गोळा कसा फेकायचा. किसनला यातलं निम्मं घरूनच येत होतं, पण तो गप्प राहून शिकला. म्हाताऱ्याला शिकवण्यात जो आनंद मिळत होता तो हिरावून घ्यायला त्याचं मन धजेना.

फक्त एका खोलीला म्हाताऱ्याने कधी कुणाला हात लावू दिला नाही. ती नमाजाची खोली. लहानशीच, वादीच्या बाजूची, एका झरोक्यातून उजेड येणारी. तिथे म्हाताऱ्याचा बाप नमाज पढायचा, मग म्हातारा पढू लागला. ती खोली तो एकटा लिंपायचा, दार लोटून घेऊन. किसन बाहेरून माती देत राहायचा.

मग म्हाताऱ्याच्या किडन्या गेल्या. हम्मादने त्याला अबुधाबीला आपल्याजवळ नेलं, आणि आज डायलिसिस, उद्या तपासण्या असं सुरू झालं. बैत अल सिद्रमध्ये किसन एकटा उरला. म्हातारा अधूनमधून फोन करायचा. बोलायला विषय एकच असायचा. पाट वाहतो का, बुरुजाला तडा गेला का, बोरीला बोरं धरली का. "मैं आएगा," असं म्हणून तो फोन ठेवायचा. किसनही "इन्शाल्ला अरबाब" म्हणायचा, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की आता हे कठीण आहे.

त्या फेब्रुवारीत वादी आली. किसनने बऱ्याच वर्षांत एवढं पाणी पाहिलं नव्हतं. बांधावरून उसळून ते घराच्या मागच्या बाजूला शिरलं आणि नेमकं नमाजाच्या खोलीत घुसलं. पाणी ओसरल्यावर किसनने दार उघडलं तर आतल्या भिंतीचं लिंपण कमरेच्या उंचीपर्यंत गळून पडलं होतं आणि जमिनीवर गाळ बसला होता. विटा शाबूत होत्या, एवढंच देवाने राखलं.

त्याच आठवड्यात हम्मादचा फोन आला. डॉक्टरांनी आता हात टेकले होते. म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला होता, की एक दिवस घरी न्या. हातांना सुयांची भोकं आणि पट्ट्या असल्याने त्याला नमाजाआधी पाण्याने हात-तोंड धुवायचा वजू करता येत नव्हता. अशा आजाऱ्याला शुद्ध मातीवर तळवे टेकवून ते तोंडावर, हातांवर फिरवायची मुभा असते. इस्पितळात त्यासाठी त्याच्या उशाशी एक दगड ठेवलेला होता. म्हातारा म्हणत होता, हा दगड कुणाचा कोण जाणे, मला माझ्या भिंतीची माती पाहिजे. तिच्यावर हात ठेवीन, त्या खोलीत एकदा नमाज पढेन, मग काय व्हायचं ते होऊ दे. येत्या शुक्रवारी आणतो, असं हम्माद म्हणाला.

किसनने कंबर कसली. माती त्याने भिजत घातलेली होतीच, बुरुजासाठी. पण खोलीत उभा राहिला आणि त्याचा हात अडखळला. ही काही बुरुजाची भिंत नव्हे. इथे देवाचं नाव घेतलं जातं. अरबाब स्वतःच्या हाताने करायचा ती खोली आज आपल्या वाट्याला आली आहे, बहुतेक त्याच्या शेवटच्या नमाजासाठी. त्याला आपली आई आठवली. गणपती आणायच्या आदल्या दिवशी ती पहाटे उठून देवाची खोली शेणाने सारवायची, भिंतीही हातभर वरपर्यंत लिंपायची, आणि ते वाळेपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू द्यायची नाही. न सारवलेल्या जागेत देव बसवायचा, ही कल्पनाच त्या घरात कुणाला सुचली नसती. किसनला जेवढा मान द्यायचा माहीत होता, तेवढा सगळा त्याने या खोलीला द्यायचं ठरवलं.

शेजारच्या फार्मवर दोन गाई होत्या. तिथल्या पठाणाकडून त्याने ताजं शेण आणलं, मातीत एकजीव केलं आणि मन लावून भिंत लिंपली. मग जमीन सारवली, गुडघ्यांवर बसून, मागे सरकत सरकत, आईच्या हाताची वळणं आठवून. पातळ हात दिल्याने सगळं लवकर वाळलं. झरोक्यातून ऊन आलं तेव्हा ती खोली अशी काही प्रसन्न दिसली की किसनने व्हिडिओ कॉल लावून गावी बायकोला, कावेरीला दाखवली.

"बाई गं, आपल्या घरासारखीच दिसतेय," कावेरी म्हणाली. "म्हातारबुवा खूश होतील बघा."

बुधवारी अन्वर आला. गाडीत नवी चटई, लोड, पाण्याचे खोके. चपला काढून तो खोलीत गेला, भिंतीवरून हात फिरवला. "वा रे पठ्ठ्या. फर्स्ट क्लास काम." मग त्याने नाक वर केलं. "वास कसला येतोय?"

किसनने सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

अन्वरचा भिंतीवरचा हात खाली आला. तो हात त्याने अंगापासून लांब धरला, बाहेर गेला, पाटाच्या काठी बसून कोपरापर्यंत धुतला, पुन्हा धुतला. किसन दारात उभा राहून बघत होता. काहीतरी भयंकर झालंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं.

"इतकी वर्षं आमच्यात काढलीस," अन्वर म्हणाला. तो ओरडला नाही. "शेण नापाक असतं, किसन. आमच्या मदरशात पाच वर्षांच्या पोराला पण माहीत असतं. कपड्याला लागलं तरी नमाज होत नाही. आणि तू भिंतीत घातलंस? ज्या मातीला हात लावून तो बिचारा पाक होणार, त्या मातीत?"

"गाईचं होतं, अन्वरभाई. ताजं. मी देवासाठी म्हणून..."

"मला माहितेय तू कशासाठी केलंस. तुझ्या मनात काळंबेरं नाही, ते मला सांगू नकोस. पण त्याची आखरी नमाज आहे ही. ती वाया जाईल, कळतंय का तुला?"

किसन तिथेच उंबऱ्यावर बसला. आपण म्हाताऱ्याला जीव लावून जे दिलं तेच त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये आडवं येणार होतं. याहून वाईट काय असतं ते त्याला सुचेना.

हम्मादला खरं सांगावं का, हे त्याने विचारलं. अन्वरने नको म्हणून मान हलवली. सांगितलं तर एक तर बापाच्या कानावर जाईल आणि म्हातारा घरात पाऊल ठेवायच्या आधीच मनाने खचेल. दुसरं म्हणजे हिंदू माणसाने नमाजाच्या खोलीत शेण फासलं ही गोष्ट चारचौघांत गेली तर कोण कसा अर्थ लावील सांगता येत नाही. तुला परत पाठवतील, अन्वर म्हणाला. त्याच्या मनात लबाडी नव्हती, किसनला वाचवायचं होतं आणि म्हाताऱ्याची नमाजही. "सगळं खरवडून काढ. धू. नवी माती लाव, नुसता पेंढा घालून. वाळायला वेळ लागेल, लागू दे. एक आठवडा मागून घेऊ."

त्या दुपारी हम्मादला फोन केला तो अन्वरने. भिंत अजून ओली आहे, बाबांना सर्दी होईल, पुढच्या जुम्म्याला आणा. हम्माद बरं म्हणाला. पण थोड्या वेळाने किसनचा फोन वाजला, आणि पलीकडे म्हातारा स्वतः होता. आवाज इतका बारीक झाला होता की किसनला आधी ओळखू आला नाही.

"किसन. दीवार गीला है?"

"हां अरबाब. थोडा गीला."

"गीला चलेगा. हाथ को मट्टी लगेगा, बस. मैं आता."

किसनने अन्वरकडे पाहिलं. अन्वर समोरच उभा होता. त्याने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली, आणि त्याच्याही चेहऱ्यावर यातना होती.

"नहीं अरबाब," किसन म्हणाला. "जुम्मा. अगला जुम्मा. एकदम पक्का होगा."

"अच्छा," म्हातारा म्हणाला. "तू बोलता है तो अच्छा." आणि फोन बंद झाला.

किसनने आपलंच काम आपल्या हाताने खरवडलं. थापीने निघालं तेवढं थापीने, उरलेलं नखांनी. जमीन चार बोटं खोल उकरली, ती माती घमेल्याने बागेच्या पार टोकाला नेऊन टाकली, पाटाच्या पाण्याने भिंत धुतली. अन्वरही दोन दिवस राहिला. त्यानेच बादल्या भरून दिल्या, आणि कुठे एवढासा डाग दिसला तरी तो तिथे पुन्हा पाणी मारायचा. त्या पाण्याने विटाच विरघळायला लागतात, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं. मग किसनने नवी माती तुडवली. एकटाच तुडवत होता. जाड हात द्यावा लागला, कारण विटा आता उघड्या पडल्या होत्या. जाड हात वाळायला वेळ घेतो, आणि त्या आठवड्यात ऊनही धड पडेना. किसन दर तासाला जाऊन तळवा टेकवून बघायचा. गार लागला की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

मंगळवारी म्हातारा अबुधाबीच्या इस्पितळातच वारला. सकाळच्या नमाजाच्या वेळी, हम्माद शेजारी असताना. त्या दिवशी भिंतीचा खालचा भाग अजून ओला होता.

त्याला त्याच दिवशी गावच्या कब्रस्तानात आणलं, वादीच्या पलीकडे. किसन दूर उभा राहिला. लोक मुठीमुठीने माती टाकत होते. कुणीतरी त्यालाही खुणेने बोलावलं, पण त्याचं पाऊल उचललं नाही. आपल्या हातची माती नको, असं त्याला वाटलं.

दुखवट्याचे दिवस संपल्यावर हम्माद एकटाच बैत अल सिद्रला आला. पन्नाशीचा शांत माणूस, सरकारी नोकरीतला. खोलीत जाऊन तो भिंतीसमोर उभा राहिला. भिंत आता कोरडी ठक्क होती. "अच्छा काम किया," तो म्हणाला, आणि तेवढ्या शब्दांनी किसनचा बांध फुटला. अन्वरने गप्प राहायला बजावलं होतं, पण ते आता त्याला पेलवेना. हातवारे करत, अडखळत, हिंदीत त्याने सगळं सांगितलं. शेण, आई, सारवण, खरवडणं. भिंत ओली नव्हतीच, हे सांगितलं. बाबा येतो म्हणाला होता आणि मी नको म्हटलं, हेही सांगितलं. अन्वरचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. मलाच नंतर कळलं की तुमच्यात चालत नाही, म्हणून मीच काढलं, असं तो म्हणाला.

हम्माद ऐकत राहिला. मग खाली बसला, नव्या चटईवर, भिंतीला पाठ न टेकता.

"किसने बोला नहीं चलता?" त्याने विचारलं.

किसन वाकून चटईचा कोपरा नीट करू लागला.

"इस्लाम में भी अलग-अलग मज़हब है, मतलब अलग-अलग रास्ता," हम्माद सावकाश म्हणाला, एखाद्या मुलाला सांगावं तसं. "तुम्हारा कोकणवाला लोग शाफई है. उन में नापाक है, बरोबर है उन का. हम लोग मालिकी. गाय, बकरी, ऊँट, जो जानवर खाते हैं, उस का हमारे में पाक है. बाबा छोटा था तब बकरियों के बाड़े में सोता था. उधर ही नमाज़ पढ़ता था."

किसनला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. हळूहळू, अंगात ताप भरावा तसं. ती भिंत चालली असती. ती जमीन चालली असती. म्हातारा त्या शुक्रवारी आला असता, झरोक्याच्या उजेडात बसला असता, त्या मातीवर त्याने हात ठेवला असता, आणि त्याच्या नमाजाला कसलीही बाधा आली नसती. तो ओल्या भिंतीलाही तयार होता. अडवलं ते फक्त आपण.

"तुम ने पूछा क्यों नहीं?" हम्मादने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर किसनला बरं वाटलं असतं.

विचारायचं असतं हे कधी सुचतं? खात्री नसते तेव्हा. आणि इथे प्रत्येकाची खात्री होती. किसनची आपल्या आईवर होती, अन्वरची आपल्या मदरशावर. दोघांनी आपापल्या परीने म्हाताऱ्याचं भलंच चिंतलं होतं. अशा चुकीसाठी कुणावर दात खायचे, हे मलाही कळत नाही. हम्मादने जाताना किसनच्या खांद्यावर हात ठेवला. घर तूच बघ, म्हणाला. मग गाडी धूळ उडवत निघून गेली.

तिसऱ्या प्रहरी अन्वर आला. त्याने पाटावर वजू केला, चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन म्हाताऱ्यासाठी दोन रकात नमाज पढली. किसन बोरीखाली बसून होता. अन्वर बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो किसनशेजारी मातीतच बसला, कपड्यांची पर्वा न करता.

"आला नाही रे म्हातारा," तो म्हणाला. "पण एक समाधान आहे, किसन. उशीर झाला, पण आपण त्याला नापाक जागी नाही बसवलं. तेवढं तरी आपण नीट केलं. नाही?"

किसनने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती, आणि तो उत्तराची वाट बघत होता. साधंसुधं 'हो' त्याला पाहिजे होतं. ते नाही मिळालं तर हा माणूस आज घरी जाऊन शहनाझच्या हातचं जेवू शकणार नाही, हे किसनला स्पष्ट दिसलं.

"हम्माद येऊन गेला ना सकाळी?" अन्वरने विचारलं. "काय म्हणाला?"

"काही नाही," किसन म्हणाला. "भिंत चांगली झाली म्हणाले."